माईक तोंडाकडे, शेपूट जात्याकडे

मागच्या महिन्यात परसबागेवर बोलणं झालं, आणि त्यानंतर तीन गटांकडून आम्हाला एकच प्रश्न आला. आमच्या गावच्या ओव्या, भजनं, पाळणे आम्हीच रेकॉर्ड करून केंद्रावर पाठवू, पण माईक कोणता घेऊ? एका गटाने तर बचतीतले पैसे बाजूला काढूनही ठेवलेत. म्हणून आज माईकची गोष्ट.

उत्तर आधीच सांगून टाकतो. स्टुडिओ नाही, पत्र्याचं घर आहे, बाहेर कोंबड्या आहेत आणि गायचं आहे, तर डायनॅमिक माईक घ्या. आम्ही हे दुकानदाराकडून शिकलो नाही. आधी तोंडघशी पडलो, मग शिकलो.

आमच्या केंद्रापासून दोन गावं ओलांडली की एक आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं माहेर धरणात गेलं. गाव उठलं तेव्हा त्या लेकुरवाळ्या होत्या. त्या गावाच्या ओव्या आता त्यांना एकटीलाच येतात. त्यात घाट आहे, पाराचा वड आहे, कुणाच्या मळ्यातली कुठली विहीर हेसुद्धा आहे. नकाशात आता तिथे नुसतं पाणी दिसतं.

पहिल्या वेळी गेलो तेव्हा आमच्याकडे एकाने उसना दिलेला कंडेन्सर माईक होता. महागाचा, स्टुडिओतला. एवढा चांगला माईक आहे म्हटल्यावर आम्ही तो खोलीच्या मध्ये ठेवला, आजींना भिंतीशी बसवलं आणि दीड तास ओव्या घेतल्या. पंखा बंद केला होता, दार लोटलं होतं. केंद्रावर येऊन ऐकलं तर पिठाची गिरणी ऐकू येतेय, कोंबडा ऐकू येतोय, उन्हाने पत्रा ताणतो त्याची टकटक येतेय, शेजारच्या टीव्हीतली मालिकासुद्धा येतेय. आजी मात्र लांब, कुठेतरी खोल. गावाची, विहिरींची नावं काही केल्या लागत नव्हती. आजींना ऐकवलं तर त्या म्हणाल्या, "आगं, म्या काय हिरीत बसून गायले व्हय?"

आम्ही हसलो खरं, पण परत येताना कुणी बोललं नाही. दीड तास गाऊन त्यांचा घसा बसला होता. पुढे दोन महिने त्या आजारी होत्या, आणि ते दोन महिने आम्हाला फार जड गेले.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, ते तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी जमवल्या. त्यातल्या पुष्कळ नुसत्या लिहून घेतल्या. पण १९९० नंतरच्या दशकात काही बायांचा आवाजही टेपवर घेतला गेला आणि आज तो 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतो. लिहिलेली ओवी वाचा आणि मग त्याच बाईच्या गळ्यातून ऐका. श्वास कुठे घेतला, कुठला शब्द लांबवला, कुठे जात्याच्या फेऱ्याबरोबर आवाज वळला, हे कागदावर येत नाही. तेवढ्यासाठी माईक नीट हवा.

आता हे यंत्र चालतं कसं ते बघू. डायनॅमिक माईकच्या जाळीमागे एक पातळ पडदा असतो. पडद्याला बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या खाचेत लोंबतं. आपण गायलो की पडदा हलतो, वेटोळं हलतं आणि चुंबकाजवळ तार हलली की तिच्यात वीज तयार होते. बस. भोंग्यामध्ये वीज आत जाते आणि आवाज बाहेर येतो. इथे उलटं, आवाज आत जातो आणि वीज बाहेर येते. असा माईक १९३१ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने बाजारात आणला, आणि आतली मूळ रचना आजही तीच आहे. ह्याला सेल लागत नाही, वीज लागत नाही. गायलेला आवाजच त्याची वीज.

पडद्याला तारेचं ओझं असल्यामुळे तो जरा जडच. कंडेन्सरचा पडदा फार हलका, तो मुंगीच्या चालीनेही हलेल असं गमतीने म्हणतात. म्हणून कंडेन्सर बारीकसारीक सगळं टिपतो. पण इथे एक गोष्ट खरी सांगायला हवी. डायनॅमिक माईक लांबचा आवाज जादूने गाळतो, असं काही नाही. कोंबडा त्यालाही ऐकू येतो. फरक असा की तो तोंडाजवळ धरायचाच माईक आहे. तोंडाजवळ धरला की तुमचा आवाज मोठा मिळतो, मशीनवरचा आवाज कमी ठेवता येतो आणि मग गिरणी आपोआप मागे राहते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो आणि निम्मं केलं की तेवढाच चढतो. आमचं पहिल्या दिवशी चुकलं ते माईकच्या जातीपेक्षा जास्त अंतरात चुकलं. तोच महागाचा माईक आजींच्या तोंडाशी ठेवला असता तर निम्मं काम झालं असतं, हे आम्हाला नंतर कळलं.

दुसरी गोष्ट दिशेची. गायनाचे बहुतेक डायनॅमिक माईक समोरचं चांगलं ऐकतात, बाजूचं कमी आणि पाठीमागचं सगळ्यात कमी. कागदावर काढलं तर पत्त्यातल्या बदामासारखा आकार होतो. डब्यावर 'कार्डिऑइड' असं लिहिलेलं असेल तर हा प्रकार समजा. 'सुपरकार्डिऑइड' असेल तर तो समोर आणखी अरुंद ऐकतो, पण अगदी पाठीमागचं थोडं ऐकतो. त्याची बहिरी जागा पाठीच्या दोन्ही अंगांना तिरकी असते. घ्यायच्या आधी हे विचारून घ्या, कारण नको असलेला आवाज कुठल्या बाजूला ठेवायचा ते ह्यावर ठरतं. आमचं सगळं पुढचं काम ह्या एका गोष्टीवर उभं राहिलं.

विकत कोणता घ्यायचा? शुअर कंपनीचा एसएम-५८ हा १९६६ पासून चालत आलेला माईक आहे, आणि गाण्याच्या स्टेजवर गोल जाळीचा जो माईक दिसतो तो बहुधा हाच किंवा ह्याची नक्कल. तो ५० ते १५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतो. कुणी म्हणेल, कंडेन्सर वीस हजारांपर्यंत जातो, मग हा कमीच. मैत्रिणींनो, एफएम रेडिओवरून आवाज जातो तोच १५,००० हर्ट्झपर्यंत. आपल्या कामाला त्यात काही कमी पडत नाही. पैसे कमी असतील तर आपल्याकडच्या अहुजाचेही डायनॅमिक माईक तालुक्याच्या साउंडवाल्याकडे मिळतात. साधे आहेत, पण मजबूत असतात आणि दुरुस्तीला माणूस जवळ सापडतो. आमचं मत विचाराल तर बरा माईक एकदाच घ्यावा. त्या पैशात एक बरी शेळी येते हे खरं. शेळीसारखी हा पिल्लं देत नाही, पण नीट ठेवला तर वीस वर्षं कुठे जात नाही.

एसएम-५८ च्या नकला मात्र बाजारात भरपूर आहेत. निम्म्याहून कमी भावात कुणी देऊ लागला तर डबा कितीही चकचकीत असू दे, हात जोडून बाहेर पडा. पक्कं बिल घ्या, वॉरंटीचा कागद घ्या. दुकानात 'हॅलो हॅलो' म्हणून तपासू नका. ज्या बाईला गायचं आहे तिलाच घेऊन जा, तिला दोन ओळी गायला सांगा आणि दुसरीने हेडफोनवर ऐका. माईक हातात धरून बोटं हलवा. खरखर फार येत असेल तर तो हाताळणीला कच्चा. बटणाचा आणि बिनबटणाचा असे दोन्ही मिळत असतील तर बिनबटणाचा घ्या. आम्ही एकदा बटण बंद ठेवून आख्खं भारूड 'रेकॉर्ड' केलंय. बटणाचा असलाच तर ते चालू करून वर चिकटपट्टी लावा. मुलं वाढदिवसाला वाजवतात ते बिनतारी, दिवे लागणारे माईक ह्या कामाचे नाहीत.

जोडणीत बऱ्याच जणी अडतात. डायनॅमिक माईकमधून येणारी वीज अगदी इवलीशी, एक-दोन हजारांश व्होल्टची. मोबाइलच्या बारीक भोकात घातला तर नीट आवाज येत नाही, आणि मग माईकच खराब असं वाटतं. मध्ये काहीतरी आवाज वाढवणारं हवं. एक तर कंप्युटरला लागणारी ऑडिओ इंटरफेसची डबी, नाहीतर तीन टाचण्यांची केबल बसते असा हातातला रेकॉर्डर, नाहीतर छोटा मिक्सर. त्यावर 'गेन' नावाची कळ असते, तीच आवाज वाढवते. स्वस्तातल्या मशीनवर ही कळ शेवटपर्यंत फिरवली की मागे सर्र असा पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. तेव्हा आधी तोंड माईकच्या जवळ आणा आणि कळ नंतर फिरवा. '४८ व्होल्ट' असं एक बटण असतं, ते कंडेन्सरसाठी. डायनॅमिकला नको, बंद ठेवा. मध्ये बसवायचा एक छोटा बूस्टरही मिळतो, त्याला मात्र हे ४८ व्होल्ट लागतात. पण आधी त्याच्याशिवाय करून बघा.

केबल तीन टाचण्यांचीच घ्या, दोन्ही टोकांना. तिच्यात दोन तारांवरून एकच आवाज एकमेकीच्या उलट जातो. वाटेत विजेच्या वायरीची घूंऽऽ घुसली तर ती दोन्ही तारांवर सारखीच घुसते आणि मशीनमध्ये एकीतून दुसरी वजा होताना ती जाते. आवाज तेवढा राहतो. आणि एक, विहिरीचा दोर आपण कोपरावर गुंडाळतो तशी ही केबल गुंडाळू नका. आतून पीळ पडून तार तुटते. सैल गोल वेटोळी घालून ठेवा.

आता गायचं कसं. माईक तोंडापासून चार बोटं ते एक वीत. त्याहून जवळ गेलं की आवाज जाडा, घागरीत बोलल्यासारखा होतो, कारण असे माईक जवळच्या आवाजाचा खर्ज फुगवतात. बारीक आवाजाच्या बाईला हे कधी कधी शोभतं. पण घाट, वड, भाऊ असे शब्द गढूळ होतात. आपल्या मराठीत प, फ, ब, भ चिकार. हात तोंडासमोर धरून 'भाऊबीज' म्हणा, वारा लागेल. तोच वारा पडद्यावर आदळला की धप्प आवाज येतो. म्हणून माईक ओठांच्या अगदी समोर न ठेवता जरा खालून किंवा गालाच्या बाजूने, तोंड मात्र ओठांकडे असा ठेवा. वारा शेजारून निघून जातो आणि आवाज मिळतो. वर स्पंजची टोपी घातली तर आणखी बरं.

जाळी मुठीत धरू नका. पुढाऱ्यांचं बघून बायका तशीच धरतात. मागून हवा आत जायला जी जागा असते तिच्यामुळेच माईकला पुढचं-मागचं कळतं. ती झाकली की तो सगळीकडचं ऐकू लागतो आणि आवाजही कोंडल्यासारखा येतो. दुसऱ्या खेपेला आम्ही आजींच्या हातात माईक दिला तर त्यांनी तो असाच, कणसासारखा वरून घट्ट धरला. सांगितल्यावर हात खाली घेतला, पण दोन ओव्या झाल्या की हात दमून मांडीवर यायचा आणि आवाज त्याच्याबरोबर उतरायचा. म्हणून स्टँड हवाच. नसेल तर फडक्याने बांधून पाटावर, डब्यावर, कशावरही पक्का करा.

आणि तरीही आजींचं गाणं काही लागेना. चाल यायची, पण मध्येच त्या थांबायच्या, ओळ विसरायच्या. शेवटी त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "त्यास्नी खुंटा द्या हातात, तवा सुचंल." बरोबर होतं. ओवी त्यांच्या हातातून येते, नुसत्या गळ्यातून नाही. पण जातं म्हणजे घरघर. आणि दळताना अंग पुढेमागे होतं, म्हणजे माईकपासूनचं अंतर दर फेऱ्याला बदलणार.

इथे ती माईकची बहिरी पाठ कामाला आली. बुटका स्टँड आजींच्या आणि जात्याच्या मध्ये जरा बाजूला ठेवला. माईकचं तोंड खालून वर आजींच्या ओठांकडे आणि शेपूट बरोबर जात्याकडे. जातं राहिलं त्याच्या पाठीमागे. स्टँडच्या पायांखाली चौघडी घातलेली गोधडी ठेवली, नाहीतर जमिनीतून घरघर वर चढते. मशीनवर खर्ज कापायचं बटण असतं, त्याच्याजवळ शंभरच्या आसपासचा आकडा दिसतो, ते दाबलं. बाईचा गळा बहुधा त्याच्या वरच असतो, म्हणून आवाजाला काही होत नाही. रिकामं जातं फिरवायचं नाही, दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो आणि जात्याचंही नुकसान होतं. मूठ मूठ ज्वारी घालत राहिलं की आवाज मऊ होतो. ओढायचं काम सूनबाईंनी केलं. आजींनी हात नुसता खुंट्यावर ठेवला. त्यामुळे लय राहिली आणि आजींचं अंग फारसं हललं नाही. माईक वीतभर लांब ठेवला. जवळ ठेवला असता तर तेवढ्याशा हलण्यानेही आवाज खालीवर झाला असता.

दोघी मिळून गात असतील आणि माईक एकच असेल तर दोघींना शेजारी शेजारी, डोक्याला डोकं लावून बसवा. समोरासमोर बसवल्या तर एक कायम पाठीमागे राहते. दोन माईक असतील तर माईकचं तोंडापासून जेवढं अंतर, त्याच्या तिप्पट तरी अंतर दोन माईकमध्ये ठेवा, म्हणजे एकीचा आवाज दुसरीच्या माईकमध्ये फार शिरत नाही.

मशीनवरचा काटा किंवा पट्टी बघायला एक बाई वेगळी ठेवा. सगळ्यात मोठ्या आवाजाला पट्टी उणे १२ ते उणे ६ पर्यंत जावी. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. तिने हेडफोन काढायचा नाही. आमच्यात हे काम सगळ्यात कंटाळ्याचं म्हणून नव्या मुलीला द्यायचो. आता सगळ्यात चोखंदळ कानाच्या बाईला देतो. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच टरटर येते. भिंती उघड्या असतील तर दोरीवर गोधड्या, पोती टांगा, घुमारा कमी होतो. गाणं सुरू व्हायच्या आधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा नुसता आवाज घ्या, जोडताना लागतो. आणि सुरुवातीलाच तोंडी नाव, गाव, तारीख बोलून घ्या. आमच्याकडे अशा पाच फाइली आहेत ज्यातल्या बाया कोण हे आता कुणालाच सांगता येत नाही.

माईकवर टिचकी मारू नका, फुंकर घालू नका. जाळी फिरवून निघत असेल तर आतला स्पंज कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवूनच परत बसवा. पाच-दहा जणी गाऊन गेल्या की त्याला वास येतोच. आत चुंबक आहे, तेव्हा लोखंडाच्या किसाजवळ ठेवू नका. पिठाच्या डब्याशेजारीही नको. आम्ही फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवतो.

त्या दिवशी आजींच्या एकोणतीस ओव्या मिळाल्या. जातं मागे हळू ऐकू येतं, लांबच्या ढगासारखं, आणि आजी पुढे, कानाशी. आठ दिवसांनी ऐकवायला गेलो. त्यांनी हेडफोन घातला, डोळे मिटले, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. सूनबाई दोनदा चहा घेऊन आल्या, तो तसाच गार झाला. मग हेडफोन काढून त्या म्हणाल्या, दोन विहिरींची नावं चुकलीत. वरच्या मळ्यातलीचं नाव खालच्या मळ्यातलीला लागलंय.

"म्याच चुकले. तुमच्या मशिनीत सपष्ट ऐकू आलं म्हून कळलं," त्या म्हणाल्या. "ज्वारी काढून झाली की या. तेवढी ओवी पुन्यांदा घालू."

सुगी संपली की आम्ही जाणार आहोत. ज्वारी घरचीच घेऊन या, असंही त्यांनी सांगितलंय.